बेचिराग

आमच्या गावापासून कोसभर अंतरावर आणखी एक गाव आहे. त्याला नाव आहे, शीव आहे, तलाठ्याच्या दप्तरात त्याचे गट क्रमांक आहेत आणि त्या गटांचे सातबारे आजही निघतात. तिथे माणूस मात्र राहत नाही. कपाशीच्या ओळी संपतात तिथे एक उंचवटा दिसतो. त्याची माती आजूबाजूच्या काळ्या रानापेक्षा पांढुरकी आहे, नांगर लागला की तिच्यातून खापरांचे तुकडे वर येतात, आणि उंचवट्याच्या पूर्वेला शेंदूर फासलेला मारुती एकटा उभा आहे. महसुलाच्या जुन्या भाषेत अशा गावाला ‘बेचिराग’ म्हणतात. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी दिवा लागत नाही ते बेचिराग. बोलताना आपण ‘बेचिराख’ म्हणतो आणि त्यात राखेची, जाळपोळीची आठवण मिसळतो, पण मूळ शब्दात आग कुठेच नाही. गाव कशाने उठले हे तो शब्द सांगत नाही. संध्याकाळ झाली आणि दिवा लागला नाही, एवढीच नोंद तो करतो.

गेल्या तीन वर्षांत मी एक प्रलयकथा लिहिली आणि ती ई-पुस्तक म्हणून स्वतःच प्रकाशित केली. कादंबरीचे बीज या एका शब्दात होते हे मला फार उशिरा उमगले. त्याआधी मी जगाचा अंत आभाळातून आणू पाहत होतो. पहिल्या खर्ड्यात एक उल्का अरबी समुद्रात पडते, मुंबई बुडते आणि उरलेली माणसे घाट चढून वर येतात, असे ऐंशी पानांपर्यंत लिहून झाले होते. लाटा होत्या, कोसळणाऱ्या इमारती होत्या, पळणारी गर्दी होती. पण त्या ऐंशी पानांत कोणीही चूल पेटवत नव्हते, कोणाला तहान लागत नव्हती, लहान मूल रात्री कशावर निजले हे कुठेही आले नव्हते. ती पाने वाचताना मला जाणवले की, मी पाहिलेल्या दृश्यांची नक्कल उतरवतो आहे आणि जगलेल्यातले त्यात काहीच नाही. तो खर्डा मी बाजूला ठेवला.

खरा विषय मला यावल तालुक्यात, ताईच्या मळ्यात सापडला. मे महिना होता, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला होता आणि त्यांचा केळीचा कांदेबाग निसवण्यावर, म्हणजे घड बाहेर पडण्यावर आला होता. अशा वेळी केळीला पाण्याचा एक दिवसाचाही खंड चालत नाही. उन्हाळ्यात दर झाडाला रोज पंधरा-वीस लिटर पाणी लागते आणि एकरात सतराशेच्या आसपास खोडे असतात. नेमक्या त्या दिवसांत शिवारातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. ती बदलून यायला नऊ दिवस लागले. पहिले दोन दिवस सगळे फोन करत होते, तिसऱ्या दिवशी दाजींनी जनरेटर भाड्याने आणला, पण आजूबाजूच्या प्रत्येकालाच तो हवा होता आणि पाचव्या दिवशी तो दुसऱ्या शिवारात गेला. सातव्या दिवशी संध्याकाळी मी बांधावर बसलो होतो. केळीची पाने मधल्या शिरेशी दुमडून खाली लोंबत होती आणि कोके माना टाकावी तसे झुकले होते. समोर दाजींच्या आजोबांनी बांधलेली विहीर होती. तिच्या थारोळ्याचा दगड अजून शाबूत होता आणि मोटेच्या सोंदराने काठावर पाडलेला खोल घळ बोटाने चाचपता येत होता. साठ फुटांवर पाणी असलेली ती विहीर माझ्या लहानपणीच आटली. आता पाणी बोअरमध्ये आहे, सहाशे फुटांच्या खाली.

दाजी माझ्याशेजारी येऊन बसले आणि सहज बोलावे तसे म्हणाले, “पाणी आहे रे भाऊ. आपल्या पायाखालीच आहे. दोर पुरत नाही, एवढंच.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. उल्का नको होती, युद्ध नको होते. वीज गेली आणि परत आलीच नाही, एवढे मानले तरी पुरे होते. आजोबांची पिढी विजेविना जगली, कारण त्यांचे पाणी दोराच्या पल्ल्यात होते. आपण ते इतक्या खोल नेऊन ठेवले आहे की, सहा इंची नळीत बादलीही उतरत नाही. पायाखाली पाणी असताना तहानेने उठणारे गाव ही प्रलयाची अशी कल्पना होती जी मला कुठल्याही परक्या शहराकडून उसनी घ्यावी लागली नाही.

तेव्हापासून मी कल्पना शोधण्याची रीतच बदलली. भविष्याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा, आपल्याच मुलखात जग आधी किती वेळा संपले याची मी मोजदाद करू लागलो, आणि खानदेशात ती मोजदाद लवकर संपत नाही. धुळ्याहून साक्री-नंदुरबारकडे जाताना माळरानावर काळ्या दगडांच्या लांबच लांब भिंतींसारख्या ओळी दिसतात. कोणी राजाने बांधलेल्या कोटाचे ते अवशेष असावेत असे मला लहानपणी वाटे. भूशास्त्रात त्यांना डाइक म्हणतात. जमिनीच्या भेगांमध्ये शिरलेला शिलारस थिजून तो खडक झाला, भोवतालची जमीन झिजत गेली आणि तो भिंतीसारखा उभा राहिला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्या उत्पाताच्या या खुणा आहेत, आणि डायनोसोरांचा अंतही त्याच काळातला. त्या विनाशात मेक्सिकोजवळ कोसळलेल्या अशनीचा वाटा किती आणि आपल्या दख्खनचा किती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मला एवढेच पुरेसे होते की, एका मोठ्या युगान्ताच्या साक्षीदाराला टेकून आमच्याकडचे गुराखी दुपारची भाकरी खातात.

चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे येथे शं. अ. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला एक तुकडा मिळाला. तो सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा मानतात. म्हणजे गिरणेच्या खोऱ्यात कधीकाळी शहामृग धावत होते आणि त्यांच्या अंड्यांवर कोणीतरी, उद्याचा दिवस उगवणारच या भरवशाने, निगुतीने आडव्या-तिरप्या रेषा कोरत बसले होते. ते शहामृगही गेले, तो माणूसही गेला. तापीकाठच्या प्रकाशे येथे १९५४-५५ साली जे टेकाड खणले गेले, त्यात एका वस्तीवर दुसरी वस्ती, तिच्यावर तिसरी, अशी जगे रचलेली सापडली. आमच्या शेजारचा पांढरीचा उंचवटा हे त्याच जातीचे एक लहान पान आहे.

नंतर मी कागदांकडे वळलो. १८८० साली छापलेले खानदेशचे गॅझेटियर वाचताना मला हवे ते बरेच काही एका जागी मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फौजांची धामधूम झाली, तिच्या पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला, आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी हा मुलूख घेतला तेव्हा गावेच्या गावे ओस पडलेली होती, शेतात झाडी माजली होती आणि वाघांचा उपद्रव वाढला होता. त्यानंतर १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. गॅझेटियर छापून झाल्यानंतर, शतकाच्या अखेरीस प्लेग आला, ज्याला आमच्याकडची जुनी माणसे ‘पिलोक’ म्हणत आणि ज्याच्या भीतीने माणसे गाव सोडून खळ्यामळ्यात झोपड्या घालून राहत. त्याच्या मागोमाग १८९९-१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ आला. विक्रम संवत १९५६ वरून ते नाव पडले. लेखकाने यातून आकडे उचलू नयेत असे माझे मत आहे. आकड्याने वाचक दबून जातो, पण त्याच्या डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. मी उचलला तो शेतात माजलेल्या झाडीचा तपशील. माणूस हलला की रान किती वर्षांत उंबऱ्यापर्यंत येते, आधी कोणते झाड येते, बाभूळ की बोर, हे मी गावातल्या तीन म्हाताऱ्यांना विचारले आणि तिघांनीही एकच उत्तर दिले: आधी बाभूळ.

माणसांना विचारायचे तर प्रश्नही नीट विचारावा लागतो. “दुष्काळात काय झाले?” असे विचारले की, साठ वेळा सांगून गुळगुळीत झालेली हकिगत पुढे येते. “त्या दिवशी रात्री जेवायला काय होते?” असे विचारले की माणूस थांबतो, आठवतो, आणि मग जे सांगतो ते आधी कोणालाही सांगितलेले नसते. १९७२ चा दुष्काळ मी असाच गोळा केला. रेशनची लाल मिलो ज्वारी, मदतीची सुकडी, खडी फोडताना हाताच्या तळव्यांना बांधलेल्या चिंध्या, नालाबंडिंगच्या कामावर झाडाला बांधलेल्या झोळ्या. आणि एका काकूंनी सांगितलेली गोष्ट, की त्या वर्षी त्यांच्या घरी रडण्याची चोरी होती, कारण एक रडले की सगळी पोरे एकदम रडत.

काही गोष्टी सापडूनही मी घेतल्या नाहीत. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली आपली ३३ गावे गेली. ज्यांचे जग डोळ्यांदेखत बुडाले ती माणसे हयात आहेत, त्यांच्याजवळ त्यांची भाषा आहे, त्यांची गाणी आहेत, आणि त्यांच्या वेदनेचे रूपांतर माझ्या कल्पित कथेतल्या देखाव्यात करण्याचा मला अधिकार नाही. ८ मे २०२० रोजी, टाळेबंदीत, करमाडजवळ रेल्वेखाली सापडून गेलेल्या सोळा मजुरांविषयीही मी काही लिहिले नाही. ते आमच्या भुसावळकडे चालत निघाले होते, गाडी मिळेल या आशेने. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र मी पाहिले आहे, ते माझ्यासोबत कायम राहील, पण प्रत्येक पाहिलेली गोष्ट कथेत वापरायची नसते. प्रलयकथा लिहिणाऱ्याला दुसऱ्याच्या दुःखाची चटक लागण्याचा धोका असतो, आणि तो मला या सगळ्या लेखनात सर्वांत मोठा वाटत आला आहे.

कादंबरी सव्वादोनशे पानांची झाली. दोन प्रकाशकांकडे पाठवली. एकाकडून सात महिन्यांनी नकार आला; दुसऱ्याने छपाईचा खर्च मी द्यावा असे सुचवले आणि जी रक्कम सांगितली ती माझ्या ऐपतीबाहेरची होती. शिवाय माझा वाचक कुठे राहतो, हा विचार माझ्या मनात होताच. माझ्या वर्गातली निम्मी मुले आज सुरतेत आहेत, उरलेली पुण्या-नाशकात. त्यांच्या खोलीत पुस्तकाचे कपाट नाही, पण प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि पाळी संपवून परतताना ते त्यावर वाचतात. ई-पुस्तकाचा निर्णय मी त्यांच्यासाठी घेतला.

मराठीत हा मार्ग तसा नवा नाही. ई-साहित्य प्रतिष्ठान कितीतरी वर्षे मराठी पुस्तके पीडीएफ रूपात विनामूल्य पोहोचवत आले आहे. अॅमेझॉनच्या किंडल या ई-पुस्तकांच्या दुकानात मराठी पुस्तके २०१६ च्या अखेरीस आली. खाते उघडणे, पॅन आणि बँकेचा तपशील भरणे, मुखपृष्ठाचे चित्र चढवणे, यात सांगण्यासारखे विशेष काही नाही. एका रविवारी ते सगळे होते. आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि किंडलच्या ई-पुस्तकाला तो लागतही नाही. किंडलवर मानधनाचे दोन दर आहेत, ३५ टक्के आणि ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर वरचा दर हवा असेल तर नव्वद नव्वद दिवसांसाठी ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवायचे नाही, अशी अट मान्य करावी लागते. मी खालचा दर घेतला. ज्या कथेत एकाच नळीवर अवलंबून राहिलेले शिवार वाळते, ती कथा एकाच दुकानात कोंडून ठेवणे मला पटले नाही.

खरे काम निघाले ते अक्षरांचे, आणि त्यात माझे चार महिने गेले. पहिला निम्मा मजकूर मी शहरातल्या एका डीटीपी करणाऱ्याकडून टाइप करून घेतला होता, आणि तो छपाईच्या जुन्या फाँटमध्ये होता. अशा फाँटमध्ये संगणकाच्या लेखी मराठी अक्षर नसतेच. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीची चित्रे बसवलेली असतात. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, आणल्यावर वेलांट्या सरकल्या, जोडाक्षरे फुटली, आणि सर्वांत वाईट म्हणजे अर्धा र हरवला. आपण ‘दुसऱ्या’ लिहितो तेव्हा य च्या आधी जो आडवा, वळणदार अर्धा र येतो, तो हिंदीत नसतो, मराठीत लागतोच. रूपांतरात त्याचा रफार होऊन ‘दुसर्‍या’चे ‘दुसर्या’ झाले होते. माझ्या कादंबरीतली बारा प्रकरणे ‘दुसऱ्या दिवशी’ या दोन शब्दांनी सुरू होतात. जग संपल्यानंतर दुसऱ्या दिवशी माणसे काय करतात, हाच तर सगळा विषय होता, आणि नेमका तोच शब्द प्रत्येक प्रकरणाच्या तोंडाशी मोडून पडला होता. वाऱ्यावर, दोऱ्या, कोऱ्या, म्हाताऱ्या, शेतकऱ्यांनी: एकेक शब्द शोधून मी हाताने दुरुस्त केला. दुष्काळाच्या कथेत शेतकरी किती वेळा येतो, हे मला तेव्हा मोजता आले.

त्यानंतर ल आणि श यांचा प्रश्न आला. मराठी वळणाचा ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळा असतो, हे शाळेत पाटीवर गिरवलेल्या कोणालाही ठाऊक आहे, पण मोबाइलवर आपण हिंदी वळण निमूटपणे वाचत राहतो. ई-पुस्तकाची फाईल, जिला ई-पब म्हणतात, ती आतून वेबपानांसारखी असते. तिच्यात मजकुराची भाषा मराठी आहे असे नोंदवता येते, आणि काही फाँट ती नोंद वाचून मराठी वळणाची अक्षरे दाखवतात. मी तसा एक फाँट फाईलमध्ये घातला, भाषेची नोंद केली आणि फाईल माझ्या जुन्या, काचेला तडा गेलेल्या मोबाइलवर उघडली. पहिल्या पानावर ‘शिवार’ हा शब्द होता. शिवारातला श माझ्या आईने पाटीवर काढून दिलेल्या श सारखा दिसत होता. मी बराच वेळ ते पान पुढे सरकवले नाही.

प्रकाशनाचे बटण दाबल्यावर तपासणीला बहात्तर तासांपर्यंत वेळ लागू शकतो, असा संदेश येतो. दुसऱ्याच दिवशी पुस्तक दुकानात दिसू लागले. सुरतेहून दोघा मित्रांनी रात्रपाळीनंतर पहाटे कळवले की, वाचायला सुरुवात केली आहे. एकाने लिहिले की, बोअरचे प्रकरण वाचून त्याने गावी भावाला फोन केला आणि जुनी विहीर बुजवू नको असे बजावले.

मायला वाचायला दिसत नाही, म्हणून तिला मी रोज संध्याकाळी ओट्यावर बसून वाचून दाखवत होतो. ती बहात्तरच्या वर्षी वीस वर्षांची होती आणि खडी फोडायला जात होती. ती मध्ये बोलत नसे. चौदाव्या प्रकरणात, वीज गेल्याच्या पाचव्या महिन्यात, गावातल्या बायका ठरवतात की, काहीही झाले तरी तिन्हीसांजेला घरोघर दिवा लावायचा, गाव बेचिराग होऊ द्यायचे नाही. मला ते प्रकरण फार आवडत होते. मी वाचत असताना मायने हात वर केला.

“घरोघर दिवा लावाले रॉकेल कथं व्हतं?” ती म्हणाली. “दिवा एकच राहे. मारोतीना देऊळमा.”

मी विचारले, मग त्या दिव्यात तेल कोण घालत असे? ती म्हणाली, पाळी होती. पाळी गावाच्या टोकाच्या घरापासून सुरू व्हायची, कारण टोकाच्या घरातली माणसे सगळ्यांत आधी गाव सोडून जातात. ज्या घराची पाळी उद्या आहे ते घर आज रात्री जात नाही.

मी मोबाइल बाजूला ठेवला, वही आणली आणि तिने सांगितला तसा क्रम उतरवून घेतला. घरांची नावे तिला अजून पाठ होती: नदीकडचे पहिले, मग वाटेच्या वळणावरचे, मग चिंचेखालचे. चौदावे प्रकरण मी त्या रात्री नव्याने लिहिले, त्यातले घरोघरचे दिवे काढून टाकले, फाईल पुन्हा तयार केली आणि जुन्या फाईलच्या जागी चढवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते प्रकरण मी मायला पुन्हा वाचून दाखवले. तिने पूर्ण ऐकले आणि चिंचेखालच्या घरानंतर मी कोणाचे घर विसरलो ते सांगितले.